अमारोने वाइन आणि आपला बेदाणा: बाटल्या दोन, जात तीच, गाव तेच, मग भावात एवढी तफावत का?

कवठेमहांकाळकर

मंडळी, नमस्कार. आमची थॉमसन द्राक्षांची बाग आहे, निम्मा माल बेदाण्याला जातो. मेहुणा मिलानला नोकरीला असतो. यंदा दिवाळीला येताना त्यानं इटालियन वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. एकीवर ‘वाल्पोलिचेल्ला’, दुसरीवर ‘अमारोने देल्ला वाल्पोलिचेल्ला’. कंपनी एकच आणि मागच्या लेबलवर द्राक्षांच्या जातीही त्याच: कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला. पहिली आठ युरोला, दुसरी चाळीसला! मेहुणा म्हणतो, दुसरीची द्राक्षं वाळवून मग वाइन करतात.

आता वाळवण्यातलं आम्हाला कुणी शिकवू नये. हयात शेडमध्ये गेली. चार किलोला एक किलो हे गणित पाठ आहे. पण नुसतं वाळवल्यानं पाचपट भाव? आणि मग आमच्या रॅकवर टाकलेल्या मालाची अशी वाइन का होऊ नये? चेष्टा नाही, खरंच विचारतोय. त्या भागातली माती, हवा, छाटणी याबद्दलही कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा.

मृण्मयी_दिंडोरी

दादा, तुमच्या प्रश्नावर मी दोन चहा घेऊन बसले आहे, त्यामुळे लांबण लागेल. मी वाइनचं शिक्षण वेरोना विद्यापीठात घेतलं. तो अभ्यासक्रम शहरात नाही, ही वाइन होते त्या वाल्पोलिचेल्ला भागातच, सान फ्लोरियानो गावात व्हिला लेब्रेख्तमध्ये चालतो. खिडकीबाहेर वेली. सध्या दिंडोरीकडे एका वायनरीत काम करते.

आधी जागा. वेरोना शहराच्या उत्तरेला लेस्सिनी डोंगर आहेत. त्यातून बोटांसारख्या दऱ्या दक्षिणेला उतरतात. जुना ‘क्लास्सिको’ भाग पाच गावांचा: नेग्रार, मारानो, फुमाने, सांत’आम्ब्रोज्यो आणि सान प्येत्रो इन कारियानो. उत्तरेचा गार वारा डोंगर अडवतात, पश्चिमेला गार्दा सरोवर असल्यामुळे थंडी फार बोचत नाही. इतकी, की वेलींच्या शेजारी ऑलिव्ह आणि चेरीची झाडं असतात. माती एकसारखी नाही. बराचसा चुनखडीचा भाग, पण मारानो-नेग्रारकडे मध्येच ज्वालामुखीच्या खडकाची तांबूस-काळसर माती लागते. उतारावर दगडी ताली, चुना-माती न घालता रचलेल्या. आपल्या आटपाडीकडचा माणूस त्या तालींकडे बघून लगेच ‘कुणी रचली’ विचारेल.

आता तुमच्या जिव्हाळ्याचा विषय: मांडव. तिथली पारंपरिक पद्धत म्हणजे ‘पेर्गोला वेरोनेसे’, खांबांवर किंचित तिरका मांडव, घड खाली लोंबतात. तो का आला, हे कोर्विनाच्या स्वभावात आहे. या जातीच्या काडीचे खालचे पहिले तीन-चार डोळे जवळपास वांझ. आखूड छाटली तर नुसता पाला मिळतो. म्हणून काडी लांब राखावी लागते आणि लांब काडी टेकवायला मांडव लागतो. मध्यंतरी फ्रेंच पद्धतीनं उभ्या तारांवर दाट लागवडी झाल्या, मांडव म्हणजे मागासलेपण असं बोललं जायचं. आता उन्हाळे तापायला लागलेत, घडांना चटके बसतात, तेव्हा पानांची सावली देणारा मांडव पुन्हा शहाणा ठरतोय. मला मनापासून बरं वाटतं. छाटणी मात्र वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. आपली वर्षातून दोनदाची छाटणी, खरड छाटणी आणि फळछाटणी, समजावताना माझ्या प्राध्यापकांचे डोळे विस्फारायचे. ‘मग वेल विश्रांती कधी घेते?’ घेतच नाही म्हटलं.

जातींचं सांगायचं तर कोर्विना राणी: आंबट चेरीचा स्वाद, रंग मध्यम, टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) कमी, पण साल जाड. ती आणि कोर्विनोने मिळून नियमानं 45 ते 95 टक्के असतात. कोर्विनोनेचा मणी मोठा. ही कोर्विनाचीच निवड असं बरीच वर्षं समजत होते, ती वेगळी जात निघाली. रोंदिनेल्ला म्हणजे घरातली कामसू धाकटी सून. स्वतःचा डामडौल नाही, पण रोगाला दाद देत नाही आणि दरवर्षी माल देते. मोलिनारा पूर्वी सक्तीची होती, आता नाही. फिकट आणि आंबट म्हणून मागे पडली.

आता वाळवण. इथेच तुमचा बेदाणा आणि त्यांचा माल यांची फारकत होते.

आपण काय करतो? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतो. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर फुटतो, पाणी झपाट्यानं निघून जातं, दोन आठवड्यांत माल तयार. आपल्याला घाई असते, कारण अवकाळी डोक्यावर असतो. तिथे नेमकं उलट. मेणाचा थर जपायचा, मणी फुटू द्यायचा नाही, आणि पाणी जितकं सावकाश जाईल तितकं बरं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात हातानं तोडणी. सुटसुटीत, विरळ घडच निवडायचे आणि एका थरात मांडायचे. पूर्वी बांबू-वेताच्या ताटल्यांवर ठेवायचे, ‘आरेले’ म्हणतात. त्याच ताटल्यांवर उन्हाळ्यात रेशमाचे किडे पोसायचे! आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे क्रेट आहेत. ही खोली म्हणजे ‘फ्रुत्ताइओ’, दोन्ही बाजूंना खिडक्या. तीन-चार महिने माल तिथे पडून असतो. नियमच आहे, 1 डिसेंबरच्या आधी सहसा चिरडायचा नाही.

एवढ्या काळात 30 ते 40 टक्के वजन जातं. पण दादा, नुसतं पाणी गेलं म्हणून अमारोने होत नाही. मणी तोडल्यावरही काही आठवडे ‘जिवंत’ असतो. आतलं मॅलिक आम्ल खर्ची पडतं, ग्लिसरीन वाढतं, नवे गंध तयार होतात. ऑक्टोबरात खोलीत शिरलं की सफरचंदासारखा वास येतो, डिसेंबरात सुक्या आलुबुखाऱ्याचा. तुमच्या शेडमध्ये दोन आठवड्यांत हे व्हायला सवडच नसते.

आणि धोका. नोव्हेंबरात सपाटीवरून धुकं वर चढतं. धुकं आलं की धावत जाऊन खिडक्या बंद, पंखे चालू. आमचं शिकाऊ पोरांचं काम म्हणजे क्रेट उचलून घड देठाकडून बघणं. करडी बुरशी आधी देठाच्या आत धरते, ती बोटालाच लागते; वरून घड ठणठणीत. एक मणी ओला लागला की बोथट टोकाच्या कात्रीनं तो आणि शेजारचे दोन काढायचे. आंबूस वास आला तर सगळा क्रेट बाहेर. मुकादम बाई नाकानंच क्रेट निवडायची, मी बोटांनी शोधेपर्यंत तिचे चार झालेले असायचे.

मग भर थंडीत चिरडणं. साखर 28 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) पुढे, बाहेर गारठा, यीस्ट बिचारं रडत-रखडत काम करतं, आंबवण महिनाभर किंवा त्याहून जास्त चालते. शेवटी 15-16 टक्के अल्कोहोल. त्यानंतर किमान दोन वर्षं मुरवणं, बहुधा लाकडी पिंपात. नियमानं 100 किलो ताज्या द्राक्षांमागे अमारोने 40 लिटरच धरतात, साध्या वाल्पोलिचेल्लाला 70. आता तुम्हीच हिशेब करा: माल जवळजवळ निम्मा, जागा चार महिने अडकलेली, मजुरी दुप्पट, पैसा दोन-तीन वर्षं पिंपात बंद. पाचपट भाव मला तरी दरोडा वाटत नाही.

पुणे_रेड

माहितीपूर्ण, पण थोडी दुसरी बाजू. अमारोने ही मला कायम जड आणि गुळचट वाटत आली आहे. 16 टक्क्यांची वाइन दुसऱ्या ग्लासाला नको होते. वरून तिच्या जन्मकथेचं मार्केटिंग: पिंप विसरलं आणि चमत्कार झाला वगैरे. इटलीतच द्राक्ष न वाळवता बारोलो होते, नेब्बिओलो जातीची, तिच्या तोडीला ही येत नाही.

मृण्मयी_दिंडोरी

बारोलोचं नाव काढलंत की भांडण संपलंच, मीही त्याच पंगतीला बसते. पण गुळचटपणाबद्दल: ती साखर मुद्दाम राखलेली असू शकते. आधी या भागात गोड वाइनच मानाची होती, ‘रेचोतो’. वाळवलेल्या द्राक्षांची आंबवण मध्येच थांबवायची, साखर उरते. अमारोने म्हणजे शेवटपर्यंत आंबलेला रेचोतो. गोष्ट अशी सांगतात, की 1936 मध्ये नेग्रारच्या सहकारी वायनरीत आदेलिनो लुक्केसे या तळघरप्रमुखाला विसरलेलं पिंप सापडलं, आतलं गोड उरलंच नव्हतं. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण कोरडा, म्हणजे गोडी न उरलेला, रेचोतो त्याआधीही ‘बिघडलेला’ म्हणून होतच असणार. तो विकायची हिंमत नंतर आली. 1968 मध्ये वाल्पोलिचेल्लाला डीओसी (इटलीतलं सरकारी उगम-मानांकन) दर्जा मिळाला, अमारोने आणि रेचोतोला वरचा डीओसीजी 2010 मध्ये.

तुमची खरी तक्रार वेगळी आहे आणि त्यात तथ्य आहे. भाव चढल्यावर ज्याला त्याला अमारोनेच करायची होती, सपाटीवरचा पाणचट मालही क्रेटमध्ये जाऊ लागला. म्हणून किती टक्के द्राक्ष वाळवायचं यावर मर्यादा आहे, 65 टक्क्यांपर्यंत, आणि बाजार बघून ती आणखी खाली आणतात. नेग्रारच्या जुज्जेप्पे क्विंतारेल्लींची (ते 2012 मध्ये गेले) अमारोने कुणी पाजली तर नाही म्हणू नका. मोठ्या जुन्या पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली, 16 टक्के असूनही अंगावर येत नाही. उलट इल्लाझी खोऱ्यातल्या रोमानो दाल फोर्नोंची वाइन काळीकुट्ट, नव्या लाकडाची, छाती काढून उभी. तुम्हाला गुळचट लागली ती यांपैकी कुठली नसावी.

कवठेमहांकाळकर

ताई, पोटभर मिळालं. डिपिंगचा मुद्दा कळला. म्हणजे मी डिपिंग न करता, शेडला सावली वाढवून, सावकाश वाळवलं तर? रॅक आहेतच.

मृण्मयी_दिंडोरी

दादा, अडचण रॅकची नाही, पंचांगाची आहे. त्यांची तोडणी झाली की हिवाळा लागतो, दिवसागणिक गारवा वाढतो. आपली तोडणी फेब्रुवारी-मार्चला, पुढे उन्हाळा. डिपिंग न करताही तुमच्या शेडमध्ये मणी आधी भाजेल, मग सुकेल. सावकाश वाळवायचं तर थंड खोली आणि आर्द्रता ओढणारं यंत्र लागेल, म्हणजे शेड नाही, कोल्ड स्टोरेजच.

दुसरं, थॉमसन. पातळ साल, बी नाही, टॅनिनचा पत्ता नाही. खायला आणि बेदाण्याला सोन्यासारखी, पण लाल वाइनला रंग आणि अंग सालीतून-बीतून येतं. ते आणणार कुठून? प्रयोगच करायचा तर एखाद्या वायनरीशी करार करून जाड सालीची लाल जात थोडी लावा, चार क्रेट कोल्ड स्टोरेजच्या कोपऱ्यात ठेवा आणि रोज बघा. बेदाण्याचं शेड मोडून यात उतरू नका. सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तोच नीट विका.

लिस्बनहून_सुहास

मधल्या वाटेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कवठेमहांकाळकर, मेहुण्याला पुढच्या वेळी ‘रिपास्सो’ आणायला सांगा. अमारोने गाळल्यावर उरलेल्या चोथ्यात अजून साखर आणि जोर असतो. त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला ओततात, पुन्हा आंबते, अंग भरतं. मासी कंपनीनं 1964 च्या हंगामापासून ‘काम्पोफ्योरिन’ नावानं ही पद्धत बाजारात गाजवली. अमारोनेच्या निम्म्या भावात येते. आमच्याकडे रविवारी हीच उघडते.

मृण्मयी_दिंडोरी

सुहासदादांना अनुमोदन, फक्त रिपास्सोत फरक फार पडतो. चोथा ओला, ताजा असेल तर छान. पिळून कोरडा केलेल्या चोथ्यावर काढलेली नुसतीच कडवट लागते.

कवठेमहांकाळकर

शेवटचं एक. या रविवारी घरी मटण आहे, पाहुणे येणार. अमारोने उघडू का?

मृण्मयी_दिंडोरी

तांबड्या रश्श्याबरोबर? अजिबात नको. इतक्या अल्कोहोलनं तिखट दुप्पट भडकतं, मग वाइनही कळत नाही आणि रस्साही. त्या दिवशी साधी वाल्पोलिचेल्ला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून उघडा. वेरोनात अमारोने घालून रिसोत्तो करतात, नाहीतर जुनं चीज घेऊन जेवणानंतर पितात. तुम्ही ती जानेवारीत काढा, सुकं मटण तिखट न करता, काळी मिरी आणि कांद्यावर. बाटली दोन तास आधी उघडून ठेवा.