मदत हवी आहे: पाण्यात हळूहळू बुडणारं आमिष कशाचं करू?

नमस्कार मंडळी, पुतणी आठवीत आहे, इथे नाशिकलाच शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि बाईसाहेबांनी विषय निवडलाय अल्बट्रॉस, म्हणजे तो मोठा समुद्री पक्षी! वॉन्डरिंग अल्बट्रॉस दोन वर्षांतून एकच अंडं घालतो, त्यालाही सुरुवात व्हायला दहाएक वर्षं जातात, त्यामुळे ट्यूना मासे धरायच्या लाँगलाइनच्या (आमिष लावलेल्या पुष्कळ गळांची लांबच लांब दोरी) गळांना अडकून मोठे पक्षी मेले की भरपाई लवकर होतच नाही, आणि गळाजवळ वजन लावलं तर आमिष चोच पोचायच्या आत खोल जातं, एवढंच मॉडेलमधून दाखवायचंय. बोटीमागची रंगीत पट्ट्यांची, पक्षी बुजवणारी दोरी मस्त झालीये. घोडं अडलंय आमिषापाशी. टाकी जेमतेम दीड फूट खोल, त्यात बिनवजनाचं आमिष हळू आणि वजनवालं झटकन जायला हवं. थर्माकोल बुडतच नाही, बटाटा सरळ तळाला, कणकेचा गोळा विरघळून पाणी गढूळ. मीठ घालून बटाटा हळू केला तर तासाभरात पाण्यावर फेस. रविवार कारंजाला दुकानं पण पालथी घातली. शिसं आणि खरे गळ शाळेत चालणार नाहीत (पेपरक्लिप वाकवल्यात), टाकीभर ग्लिसरीन परवडत नाही. तर साध्या पाण्यात अगदी सावकाश बुडेल आणि दिवसभर टिकेल असं स्वस्तातलं काय वापरू?