सहा अंश डोकं-खाली पलंग: थकवा मोजायचा कसा?

दांडियाबाजार_फिजिओ
बडोद्यात प्रबंधासाठी 7 दिवसांचं डोकं-खाली बेड रेस्ट (अवकाशातल्या वजनरहित अवस्थेची नक्कल म्हणून डोकं खाली, पाय वर ठेवून सलग झोपणं) ठरलंय. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, डॉक्टर चोवीस तास. शारीरिक आणि मानसिक थकवा वेगळा मोजायचाय. ग्रिप डायनामोमीटर (हाताच्या पकडीचा जोर मोजणारं यंत्र) आणि प्रश्नावली पुरे का? पायथा किती उचलू?

रावपुरा_काका
पलंगाच्या पायांमधलं अंतर गुणिले 0.105, 190 सेमीला 20 सेमी. फोमची गादी कमरेखाली दबते नि कोन फसतो, म्हणून माणूस झोपवून धडाच्या रेषेत अँगल मीटर लावा. उशी नाही. जेवण, बेडपॅन, अंघोळ त्याच कोनात, एक खांदा कायम गादीला टेकलेला.

ग्रिप सोडा. हात पलंगावरही राबतात. भार जातो तो पोटऱ्या-मांड्यांवरचा. पाऊल पट्ट्याने बांधून पोटरीचा जोर झोपूनच मोजा. मध्येच उभं केलंत तर रक्त पायांकडे उतरलं, सगळी मेहनत पाण्यात. आणि 7 दिवसांत पोटरीत फरक थोडाच दिसेल, हे गाईडना आधीच सांगा.

मांडवी_स्लीप
नुसती प्रश्नावली नको, तिसऱ्या दिवसापासून लोक डोळे झाकून त्याच आकड्यावर खूण करतात. सोबत 10 मिनिटांची पीव्हीटी (पडद्यावर खूण दिसताच बटण दाबायची सतर्कता चाचणी) घ्या: रोज एकाच वेळी, एकाच उपकरणावर, 500 मिलिसेकंदांपुढचे प्रतिसाद चूक म्हणून मोजा. दिवसा डुलकी बंद.

खरी गोची चहाची. डोक्याकडे द्रव सरकल्याने नाक चोंदतं, डोकं जड होतं. चहा तोडल्यावरही पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि माणूस चिडतो. कोणतं कशामुळे, कसं सांगणार? चहा हळूहळू कमी करून निदान 10 दिवस आधी बंद करा. शेव-उसळ, फरसाणही नको, मिठाचं प्रमाण रोज सारखं हवं.

पहिल्या रात्री लघवीला जास्त होतं. मणक्यावरचा भार गेल्याने पहिले काही दिवस कंबर दुखते. झोपमोडीच्या वेळा लिहून ठेवा. नाहीतर जागरणाचा शीण ‘मानसिक थकवा’ म्हणून प्रबंधात छापला जाईल.

दांडियाबाजार_फिजिओ
शेवटी उठवून लगेच सायकल टेस्ट चालेल?

रावपुरा_काका
अजिबात नको. रक्तद्रव घटलेला असतो, उभं राहताच नाडी चढते, बीपी पडतं. आधी टिल्ट टेबल (माणसाला बांधून आडव्याचं उभं करणारं टेबल), 80 अंशांवर जास्तीत जास्त 15 मिनिटं, दर मिनिटाला बीपी. घाम फुटला, चेहरा पांढरा पडला की लगेच आडवं करा. सायकल दुसऱ्या दिवशी. तिथला दमही निव्वळ पायांचा समजू नका: 1966 च्या डॅलस प्रयोगात 3 आठवडे सपाट झोपून 5 तरुणांची ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घटली, ती मुख्यतः हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलत होतं म्हणून.

आणि एकच पोटरी सुजली किंवा दुखली, तर मोजमाप तिथेच थांबवून डॉक्टरांना बोलवा. गुठळी असू शकते.