मदत हवी आहे: एनसीसी एअर विंगची मुंबईतली सुरुवात

एनसीसी १९४८ ची, तिची एअर विंग (हवाई शाखा) १ एप्रिल १९५० ला निघाली, मुंबई आणि कोलकात्यात एकेक एअर स्क्वाड्रन (तुकडी), एवढं सगळीकडे सापडतं आणि तिथेच गाडी अडते. मला मुंबईच्या स्क्वाड्रनमध्ये सुरुवातीला कुठल्या कॉलेजांची पोरं होती ते हवंय. एनसीसीची साइट चाळली, एका कॉलेजची जुनी वार्षिकं पण पाहिली, तर फोटोखाली नुसतं 'एनसीसी कॅडेट्स', आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खाकी गणवेश कुठला न् एअर विंगचा निळा कुठला काय डोंबल कळणार! ग्लायडिंगची माहिती नकोय, दिल्लीला जाणंही जमणार नाही. १९५०-५५ च्या कॅडेट्सच्या याद्या किंवा कॅम्प रिपोर्ट मुंबई-पुण्यात कुठे बघायला मिळतील, आणि अर्ज युनिटकडे करायचा की थेट एनसीसीच्या डायरेक्टरेटकडे (राज्याच्या मुख्य कार्यालयाकडे)?