छोट्या आणि महिला पुरवठादारांकडून खरेदी वाढवली, तर नफ्यावर काय परिणाम होतो?

दालमिल_खरेदी (जळगाव एमआयडीसी)
आमच्या डाळ मिलला ५० किलोचं पीपी (विणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचं) बारदान दोनच ठिकाणांहून येतं. आता एका मोठ्या ग्राहक कंपनीने विचारलंय, सूक्ष्म, लघु आणि महिलांच्या उद्योगांकडून किती टक्के खरेदी करता? पुरवठादार वाढवून खरंच फायदा होतो, की नुसते कागद वाढतात? हिशेब कसा मांडायचा?

कॉस्टिंग_धुळे
भाऊ, एकूण नफ्यात हे शोधू नका. तुरीचा भाव थोडा हलला की बारदानातला फरक त्यात बुडतो. एकच वस्तू धरा आणि चांगला नग कितीला पडला ते काढा. समजा, जुना दर १४ रुपये, शेकडा ४ पिशव्या शिवण उसवलेल्या आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. चांगली पिशवी पडली १४.५८ ला. नव्या उद्योजिकेचा दर १४.३०, पण खराब फक्त १ टक्का. ती पडते १४.४४ ला. भाडं आणि माल उशिरा आल्याने भरणी थांबली तर बसून राहिलेली मजुरी दोन्हीकडे मिळवा.

अशा खरेदीने नफा वाढला असं सांगणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या अहवालांवर विसंबू नका. ज्यांच्याकडे आधीच नफा आहे, त्यांना असे उपक्रम सहज परवडतात. त्यामुळे कशामुळे काय झालं ते त्यातून कळत नाही.

व्हेंडर_नंदुरबार
आधी विचारा, पिशवीचं कापड कुठून येतं? जुने दोन आणि नवा, तिघेही ते विणणाऱ्या एकाच लूमवाल्याकडून घेत असतील, तर तो बंद पडला की तिघेही बंद. पुरवठादार तीन दिसले तरी धोका एकच राहिला.

पहिली ऑर्डर ५०० पिशव्यांची द्या. त्यातल्या १० वजन करून बघा, काही ५० किलो भरून मीटरभर उंचीवरून तळावर आणि कडेवर टाका. पास झाल्या तर तीन महिने गरजेच्या १० ते २० टक्के, पण दरमहा ठरलेली ऑर्डर द्या. अडचणीच्या वेळी एकदम मोठी मागणी टाकली की छोट्याकडे कच्च्या मालाला भांडवल नसतं, तारीख चुकते, आणि ठपका त्याच्यावर येतो. हे अन्यायाचं आहे.

कर_सल्ला
पैशाची मुदत सांभाळा. सूक्ष्म-लघु उत्पादकाला करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत उलटून ३१ मार्चपर्यंतही पैसे थकले, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. पैसे द्याल त्या वर्षी मिळतो.

पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) घ्याच, आणि त्यावर 'उत्पादन' आहे की 'व्यापार' ते वाचा. नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण लागू नाही.