देवळासमोरच्या नाटकाला टाळ्या, मग मुंबईचं नाव काढताच घरात अबोला का?

खांडेपार

माझी भाची एकवीस वर्षांची आहे. बी.कॉम. झाली. शाळेत असल्यापासून गावच्या उत्सवी नाटकात काम करते, आणि चांगलं करते. गेल्या वर्षी एका हॉटेलात झालेल्या सौंदर्यस्पर्धेत उपविजेती ठरली. तेव्हापासून तिचं पक्कं झालंय की मॉडेलिंग करायचं, त्यातून अभिनयात शिरायचं आणि त्यासाठी मुंबई गाठायची. तिने हे घरी सांगितलं आणि घरात अबोला सुरू झाला. माझ्या बहिणीचं म्हणणं, 'आधी सरकारी नोकरी बघ, मग काय ती हौस कर.'

मला हे पटत नाही. आपल्या गोव्यात उत्सवाला नाटक नाही असं देऊळ शोधावं लागेल. एके काळी बायकांच्या कामासाठी बाहेरून मानधन देऊन नटी आणत, कारण घरची मुलगी रंगमंचावर नको असायची. आज घरच्याच मुली उभ्या राहतात आणि पहिल्या रांगेत बसून आपण कौतुक करतो. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर लहानपणी फिरत्या नाटक कंपनीतच होत्या. दीनानाथ मंगेशकर इथल्याच मंगेशीचे. त्यांची नावं आपण अभिमानाने घेतो, पण आपल्या घरातल्या मुलीने हेच पोटापाण्याचं काम म्हणून निवडलं की आपल्याला धास्ती वाटते.

'नोकरी आधी' याला तर माझा ठाम विरोध आहे. नवा चेहरा म्हणून घेतात ते विशी-पंचविशीत. कायम होऊन तिशीला पोचल्यावर ती कोणाच्या दारात उभी राहणार? माझं मत, तिला दोन वर्षं मोकळेपणाने द्यावीत आणि खर्चाचा वाटा आम्ही मावशी-मामांनी उचलावा. तुम्हाला काय वाटतं?

डिचोलीकर

ताई, तुमची कळकळ कळते, पण मी तुमच्या बहिणीच्या बाजूचा आहे. मलाही मुलगी आहे.

देवळाच्या मांडवात पडद्यामागे आई असते, काकी असते, नाटक संपलं की पोर पंधरा मिनिटांत घरी. तिथे कौतुक करणं सोपं आहे. मुंबईत रात्री शूटिंग संपल्यावर तिला घरी कोण सोडणार? मल्याळम चित्रपटसृष्टीबद्दलचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट 2024 मध्ये बाहेर आला. 2019 अखेर सरकारला दिलेला अहवाल लोकांसमोर यायला इतकी वर्षं लागली. कामाच्या बदल्यात नको त्या मागण्या, सेटवर साधं स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, असं त्यात नोंदवलेलं आहे. हे एका राज्याचं झालं, दुसरीकडे सगळं आलबेल असेल असं मी कशाच्या भरवशावर मानू?

वर्षा उसगांवकरांचं उदाहरण अजून कोणी दिलेलं नाही, पण देतीलच. 1987 साली त्या मराठी पडद्यावर आल्या आणि गोव्याचं नाव झालं, हे खरं. पण त्यांचे वडील गोव्यात मंत्री होते. ज्या घराला समाजात वजन असतं त्या घरच्या मुलीशी वागताना चार लोक विचार करतात. खांडेपारच्या नोकरदार घरातल्या मुलीच्या पाठीशी कोण आहे?

आणि दोन वर्षांची चार कधी होतात ते कळतही नाही.

माटोळी

मुळात मुंबईच कशाला? 2021 मध्ये कितीतरी मालिकांचं चित्रीकरण गोव्यात चाललं होतं. आता ऑडिशनचा व्हिडिओही घरून पाठवता येतो. कला अकादमीत नाट्यशिक्षणाची सोय आहे. 2004 पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्या पणजीत होतो. तिने इथेच राहून शिकावं.

पडद्यामागे

मी मूळचा शिरोड्याचा, मुंबईत अंधेरीला कास्टिंगच्या, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडायच्या कामात आहे. आधी माटोळी यांना उत्तर. 2021 मध्ये मालिका गोव्यात आल्या त्या महाराष्ट्रात कोविडमुळे चित्रीकरण बंद पडलं म्हणून, आणि मे महिन्यात गोवा सरकारनेही परवानग्या रद्द केल्या. ती गरजेपुरती सोय होती. आजही गोव्यात भरपूर शूटिंग होतं, पण बोलणारी पात्रं मुंबईतून ठरून येतात. स्थानिक मुलांना बहुतेक वेळा गर्दीत उभं करतात. ते काम जरूर करावं, सेट कसा चालतो ते दिसतं, पण त्यातून भूमिका मिळेल ही आशा धरू नये.

आता खांडेपार ताई, तुमच्या भाचीसाठी. मॉडेलिंग आणि अभिनय ही दोन वेगळी कामं आहेत, 'एकातून दुसऱ्यात' हा रस्ता वाटतो तितका सरळ नाही. रॅम्पसाठी, म्हणजे फॅशन शोमध्ये चालण्यासाठी, मुलींची उंची साधारण पाच फूट आठ इंचांच्या पुढे बघतात. ती नसेल तर रॅम्पच्या मागे वेळ घालवू नये. साड्या, दागिने, ऑनलाइन दुकानांचे कॅटलॉग यांत उंचीची अट सैल असते आणि नव्यांना काम तिथे मिळतं. जाहिरातीत तर चेहरा 'शेजारचा' हवा असतो.

अभिनयासाठी आमच्याकडे येणाऱ्या व्हिडिओत सुरुवातीला नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण सांगायचं, मग डावी-उजवी बाजू दाखवायची आणि मग दिलेला प्रसंग करायचा. मागे साधी भिंत, चेहऱ्यावर समोरून उजेड, मेकअप जवळजवळ नाही. उत्सवी नाटकातून आलेली मुलं इथे अडतात. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या आवाजाची सवय असते, आणि कॅमेरा हातभर अंतरावर. एका मुलीने घरगुती भांडणाचा प्रसंग केला होता. संवाद चोख, पण प्रत्येक वाक्याला मान आणि हात. तिला म्हटलं, मांडीखाली हात दाबून बस आणि पुन्हा कर. दुसऱ्या वेळी नुसत्या डोळ्यांनी तिने तो प्रसंग उभा केला. मूळ गुण रंगमंचाने दिला होता, फक्त आवरायला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरी अडचण हेल. आपल्या मराठीत कोंकणीचा हेल येतो. त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण पुण्या-मुंबईच्या घरातली सून करायची तर तो हवा तेव्हा बाजूला ठेवता यायला हवा. रोज मोठ्याने वाचन, रेकॉर्ड करून ऐकणं, यावर दुसरा उपाय मला माहीत नाही.

आणि पैसे. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, कलाकार म्हणून 'कार्ड' काढून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून उठायचं. काम मिळाल्यावर ते मिळवून देणारा कोऑर्डिनेटर मानधनातून कमिशन घेतो, ती रीत आहे. आधी मागणारा काम देत नसतो.

शापोरा

वरच्या मुद्द्यात माझी भर. मी पेडण्याची, कॉलेजात असताना इथे मॉडेलिंग केलं. एका दागिन्यांच्या दुकानासाठी फोटो काढले, हातात थोडे पैसे दिले, एका कागदावर सही घेतली. कागदावर फोटो कुठे आणि किती काळ वापरणार याचा उल्लेखच नव्हता. पुढे माझं लग्न झालं, मूल झालं, तरी माझा तोच चेहरा हमरस्त्याच्या फलकावर होता, आणि त्यामुळे दुसऱ्या सराफी दुकानाचं काम मला मिळालं नाही. विचारायला गेले तर सही दाखवली. म्हणून भाचीला सांगा, वापराची मुदत, कोणत्या माध्यमात आणि किती शहरांत, हे लिहून घेतल्याशिवाय सही नाही.

गोव्यात आणखी एक जपायचं. 'मॉडेल पाहिजेत' अशी जाहिरात असते आणि प्रत्यक्षात रात्रीच्या पार्टीत पाहुण्यांभोवती उभं राहायचं काम असतं. कामाचं ठिकाण, वेळ, कपडे आणि पैसे आदल्या दिवशी लेखी विचारायचे. टाळाटाळ झाली की जायचं नाही.

एवढं सगळं होऊनही मी ताईंच्या बाजूची आहे. मला घरून 'जा' म्हणणारं कोणी असतं तर तो कागद मी घरी दाखवला असता. लपूनछपून करत होते म्हणून कोणाला विचारता आलं नाही.

डिचोलीकर

शापोरा यांचं शेवटचं वाक्य मला लागलं. विरोधामुळे मुली लपवतात आणि लपवल्यामुळे फसतात, हे मान्य. तरी माझा पैशाचा प्रश्न उरतोच. मुंबईत शेअरिंगमध्ये एक कॉट घेतली तरी महिना दहा-पंधरा हजार, वर डिपॉझिट. मालिकेत काम मिळालं तरी पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात असं ऐकतो. मावशी-मामांनी वाटा उचलायचा, पण कुठवर? आकडा आणि तारीख आधी ठरवा. नाहीतर तिच्यावर उपकाराचं ओझं येईल आणि त्या दडपणाखाली ती नको ते काम स्वीकारेल.

पडद्यामागे

नव्वद दिवसांचं बरोबर ऐकलंत, टीव्हीत तशीच पद्धत आहे. म्हणून बी.कॉम. झालेल्या मुलीने घरून करता येईल असं हिशेबाचं काम हाताशी ठेवावं. ऑडिशन दुपारची असते, जीएसटीचं काम रात्री करता येतं. आमच्याकडे येणारी टिकलेली मुलं बहुतेक अशीच आहेत.

खांडेपार

सगळ्यांचं भाचीला वाचून दाखवलं. डिचोलीकर, आकडा आणि तारीख ठरवायचं तुमचं म्हणणं मी घेते, बहिणीलाही ते पटेल. पण 'पाठीशी कोण आहे' याचं उत्तर मी देते. आम्ही आहोत. मंत्र्याचं घर नसलं तरी फोन उचलणारी, कोंकणकन्या गाडीत बसून रातोरात मुंबईला येणारी माणसं आहेत. मुलीला एकटी पाठवायची की पाठराखण करून, एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेही आपण नाकारलं तर बाहेरच्या जगाला दोष देण्यात अर्थ नाही.

भाचीची उंची पाच फूट चार इंच, म्हणजे रॅम्पचा विषय संपला. ती थोडी हिरमुसली, पण कॅटलॉगचं ऐकून सावरली. गणपतीपर्यंत ती फोंड्यातच एका सीएकडे काम शिकणार आणि रोज एक प्रसंग मोबाइलवर करून बघणार. पडद्यामागे, तो मांडीखाली हात दाबायचा प्रकार तिने कालच सुरू केला. सुरुवातीचे व्हिडिओ तुम्ही बघाल का? आणि शापोरा, सही करण्याआधी कागदात काय काय बघायचं ते सविस्तर लिहा, इथल्या इतर मुलींनाही उपयोगी पडेल.