मोबाईल सोडता येईल, पण सोडू देतील का?

कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीनेक हजारांची. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं पोरांच्या हातात फोन गेला आणि शाळा उघडल्यावरही तो सुटेना. मग २०२२ साली गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरातला टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. आधी लोक हसले. पण आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, आणि मग पोरं त्या वेळेला अभ्यासाला बसू लागली.

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय की माणसाला मोबाईलशिवाय राहता येतं. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला होता. पुढेही कितीतरी वर्षं आलेल्या फोनलासुद्धा पैसे पडायचे, त्यामुळे लोक नंबर बघून कट करायचे. म्हणजे आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी आयुष्याचा मोठा भाग मोबाईलशिवाय काढलाय. लग्नं जमली, दवाखाने झाले, पोरं परगावी शिकली. अडलं काय?

आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला फोन फ्रिजवर ठेवायचे, असा नियम आहे. पहिल्या आठवड्यात सगळे गप्प बसून जेवायचे, बोलायला विषयच सुचेना. आता धाकटा ताटावर बसल्या बसल्या विचारतो, "आमटीत आज कोकम घातलंय का चिंच?" सासूबाई त्यांच्या माहेरच्या विहिरीच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टी त्यांच्याकडे आधीही होत्या, ऐकायला कुणी नव्हतं. दीड तास जमतो तर पुढचंही जमेल. मनावर घ्यायला हवं, एवढंच.

सोयाबीन_लातूर

ताई, जेवताना फोन बाजूला ठेवणं चांगलंच. पण "मनावर घ्यायला हवं" हे आम्हा शेतकऱ्यांना सांगू नका.

२०२१ पासून पीक पाहणी मोबाईलवर आली. आधी तलाठी पीकपेरा लिहायचा, आता शेतकऱ्यानं स्वतः लिहायचा. ॲप उघडा, गट नंबर निवडा, पीक निवडा, क्षेत्र टाका, पाणी कशाचं ते टाका, मग बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढा. तोही आपल्याच गटात उभं राहून, कारण फोन जागा तपासतो. आमच्या रानात रेंज नाही. फोटो काढून ठेवायचा आणि गावात येऊन वर पाठवायचा. शेवटच्या दिवसांत तर सगळ्या जिल्ह्याचा लोड एकदम येतो आणि ते चक्र नुसतं फिरत राहतं.

आणि ही नोंद नसली तर? सातबाऱ्यावर सोयाबीन दिसत नाही. सातबाऱ्यावर नाही म्हणजे हमीभावाच्या केंद्रावर माल घेत नाहीत. मग व्यापारी देईल तो भाव. माझे वडील सत्तरीचे आहेत, पेरा स्वतः बघतात, पण कागदावर ते पीक आहे की नाही हे मी पुण्याहून गावी कधी येतो त्यावर ठरतं. फोन सोडायचा म्हणजे आमच्याकडे भाव सोडायचा.

कृष्णाकाठ

दादा, तुमची अडचण खरी आहे. पण ती हंगामात एकदाची आहे. शेवटच्या टप्प्यात गावात सहाय्यकही नेमतात ना पाहणीला? शेजाऱ्याच्या फोनवरूनही नोंद होते. एका कामासाठी वर्षभर खिशात फोन कशाला?

सोयाबीन_लातूर

सहाय्यक येतो तेव्हा येतो. तोवर सोयाबीन काढून रान मोकळं झालेलं असतं, फोटो कशाचा काढणार? आणि शेजाऱ्याचा फोन म्हणजे शेजाऱ्याची मर्जी. बांधावरून भांडण असलेला शेजारी फोन देईल?

आणखी एक. आमच्याकडे मे-जूनमध्ये विजा पडून माणसं आणि जनावरं जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' ॲप काढलंय. आसपास वीज पडायची शक्यता असली की इशारा येतो. बैल सोडून घराकडे निघायला तेवढा वेळ पुरतो. १९९५ च्या आधी अडलं काय, असं तुम्ही विचारता. झाडाखाली थांबलेली माणसं गेली, हे अडलं.

साधाफोन

मी पुण्यात राहतो, नोकरी करतो आणि कीपॅडचा फोन वापरतो. कृष्णाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. व्हॉट्सॲप नाही म्हणून एकही नातं तुटलं नाही. ज्यांना काम असतं ते फोन करतात. बँकेत स्लिप भरून पैसे काढतो, भाजी रोखीनं घेतो. लोक स्वतःच्या सवयीला गरज म्हणतात. ऑफिसात मधल्या सुट्टीत डबा उघडून मंडळी आधी स्क्रीन वर-खाली करतात, पोळी गार होते. त्यांना कोणत्या सरकारनं सक्ती केलीय? पीक पाहणीचं मान्य, पण रिल्स बघण्याची तर कुणी सक्ती केलेली नाही. रात्री दोनपर्यंत जागणारा माणूस ओटीपीची वाट बघत जागत नसतो.

अंगणवाडीची_पायरी

साधाफोन भाऊ, कीपॅडचा फोनही मोबाईलच आहे. तुमचं बँकेचं ओटीपी त्यावरच येत असणार. आणि तुमच्या साहेबांनी तुम्हाला साधा फोन चालवू दिला, हे तुमचं नशीब.

मी अंगणवाडी सेविका. आमच्याकडे हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरायचं असतं. सुरुवातीला सरकारनं दिलेले फोन तापायचे, त्यात ॲप चालायचं नाही, आणि भाषा इंग्रजी. दहावी झालेली बाई इंग्रजीत बाळाची नोंद कशी करणार? म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर आम्ही ते फोन सरकारला परत केले. मोबाईल वापसी आंदोलन म्हणतात ते हेच. पेपरात लिहिलं की सेविकांना काम नको. आम्ही म्हणत होतो, चालणारा फोन द्या आणि मराठीत द्या, नाहीतर रजिस्टर घ्या.

आता तर घरपोच आहाराचं पाकीट द्यायलाही बाईचा चेहरा फोनवर दाखवावा लागतो. गरोदर बाई उन्हात पायरीवर उभी, मी फोन तिच्या तोंडासमोर धरलेला. "पदर मागं घ्या, डोळे उघडे ठेवा, हलू नका." तिला मी सात वर्षं ओळखते. तिचं पहिलं पोर माझ्या हाताखालून शाळेत गेलं. तरी ती तीच आहे, हे मशीनला पटल्याशिवाय मी तिला पाकीट द्यायचं नाही.

रिल्स मी बघत नाही. मला वेळ नाही. पण फोन सोडायचा म्हटलं तर नोकरी सोडावी लागेल.

साधाफोन

ताई, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर आहे. पण हे राबवणाऱ्यांना हे का करता येतं? घरोघरी फोन आहे, हे ते धरून चालतात म्हणून. आपण सगळ्यांनी निमूटपणे फोन घेतले, म्हणून काउंटर बंद झाले. माझ्यासारखे लाखभर लोक बँकेत रांगेत उभे राहिले तर बँकेला खिडकी चालू ठेवावीच लागेल. तार बंद झाली २०१३ च्या जुलैमध्ये, कारण आपण तार करणं आधीच सोडलं होतं. म्हणून म्हणतो, वापर सोडणं हाच विरोध आहे.

हंगामी_वसतिगृह

साधाफोन, रांगेत उभं राहायला माणूस गावात असावा लागतो.

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, ते पार मार्च-एप्रिलपर्यंत. पोरांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहात त्यांची सोय होते. संध्याकाळचं जेवण झालं की माझ्या फोनभोवती गर्दी होते. फडातून परत आलेल्या आईला पोरं फोन लावतात. स्पीकर चालू. तिसरीतली एक पोरगी आईशी दोनच वाक्यं बोलते आणि मग म्हणते, "शेळीला दाव." आई कोपीबाहेर जाऊन व्हिडिओत शेळी दाखवते. पोरगी ती नीट बघते आणि झोपायला जाते. ज्या दिवशी तिकडे रेंज नसते त्या रात्री ती जेवत नाही.

पूर्वी ही पोरं कशी राहायची, हे मला माहीत आहे. माझे आईवडीलही तोडणीला जायचे. आजी गेली तेव्हा त्यांना निरोप पोचला तो टोळी दुसऱ्या कारखान्याकडे निघाल्यावर. ते आले तेव्हा दहावासुद्धा उरकला होता. "अडलं काय" याचं उत्तर ज्यांचं घर एका जागी असतं त्यांनी देऊ नये, असं मला फार वाटतं. कृष्णाकाठ यांच्या घरी सगळे एका ताटवाढीला बसतात, म्हणून फोन फ्रिजवर ठेवता येतो. आमच्या पोरांचं घर सहा महिने त्या फोनमध्येच असतं.

बोलकी_भिंत

दोन्ही बाजू वाचल्या. एक गोष्ट कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. फोन बंदीची वेळ येते तेव्हा पहिला फोन कुणाचा काढून घेतात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना मोबाईलबंदी केली. ठराव सगळ्यांना सारखा. पण आपल्या गावांत सारखा ठराव सारखा लागू होतो का? मुलाच्या हातात फोन दिसला तर "पोरगं बिघडलं" म्हणतात. मुलीच्या हातात दिसला तर तिचं शिक्षणच थांबवतात आणि स्थळ बघायला लागतात. माझ्या मामेबहिणीचा फोन तिच्या भावानं काढून घेतला, अकरावीत. कारण काय, तर कॉलेजातल्या मुलाचा नोट्ससाठी आलेला मेसेज. भावाचा फोन आजही उशाशी असतो. म्हणून मोहित्यांच्या वडगावचा नियम मला बरा वाटतो. तिथे घरातल्या सगळ्यांचेच फोन बंद होतात, बापाचाही.

आणि दुसरी बाजू बघा. लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी आली. बाईच्या आधारचा ओटीपी, आणि वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. आमच्या वाडीतल्या एकीला नवऱ्यानं टाकलंय. पंधराशे रुपयांसाठी तिला त्याला फोन करून "तुमच्या मोबाईलवर नंबर आलाय तो सांगा" असं विनवावं लागलं. ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्याशी. ही योजना तिला तिच्या पायावर उभं करण्यासाठी होती ना? मग किल्ली त्याच्या खिशात का?

त्यामुळे मला "फोनशिवाय राहता येईल का" हा प्रश्नच अपुरा वाटतो. फोन कुणाच्या हातात आहे आणि तो नसला तर तिच्यासाठी दुसरं दार उघडं आहे का, हे विचारा.

कृष्णाकाठ

सगळं दोनदा वाचलं. बोलकी_भिंत, तुमचा शेवटचा मुद्दा पुढे नेते.

साधाफोन म्हणतात, सोडा म्हणजे खिडक्या उघडतील. मला ते पटत नाही. ऊसतोडीची आई आणि टाकलेली बाई रांगेत उभ्या राहून खिडकी उघडायला लावू शकत नाहीत. ते काम आपल्यासारख्या बसल्या जागी फोन सोडू शकणाऱ्यांनी करायचं. त्यासाठी फोन सोडण्यापेक्षा ग्रामसभेत उठून उभं राहणं जास्त उपयोगाचं.

वडगावचा भोंगा मला आजही तितकाच पटतो. घरातला फोन आपल्या ताब्यात हवा, हे मी सोडणार नाही. पण त्याच ग्रामसभेत दुसरा ठरावही व्हायला हवा, की पीक पाहणी असो, आहार असो, केवायसी असो, ज्याच्याकडे फोन नाही किंवा ज्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात आहे, त्याचं काम कागदावर, अंगठ्यावर, ओळखीच्या सेविकेच्या सहीवर झालंच पाहिजे. १ मेच्या ग्रामसभेत मी आमच्याकडे हा विषय मांडणार आहे. मसुदा करायला मदत हवी आहे.

सोयाबीन_लातूर

पीक पाहणीचं कलम मी लिहून देतो. "मुदतीत नोंद न झाल्यास तलाठ्याने पंचनामा करून पीक नोंदवावे" असं घाला. आणि पीक उभं असताना करावा, हेही घाला, नाहीतर मोकळ्या रानाचा पंचनामा होईल.

साधाफोन

ठरावाला पाठिंबा. पण माझं म्हणणं कायम आहे. ग्रामसभेत ठराव वाचताना अर्धी सभा फोनमध्ये डोकं घालून बसलेली असेल, आणि तिथे सरकारचा काही दोष नसेल.

बोलकी_भिंत

तर मग ताई, सभेच्या आधी महिला सभा घ्या आणि तिथे वाचा. मुलींच्या फोनचं कलम तिथून आलं तर ते पुसता येणार नाही.

अंगणवाडीची_पायरी

महिला सभेचा निरोप मी घरोघरी देईन. तोंडी.