पीएफचे ३८ लाख येणार, मुलगा म्हणतो सगळे इक्विटीत (शेअर बाजारात) टाका

सातपूरकर:
मे महिन्यात ५८ पूर्ण होऊन रिटायर होतोय. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून ३८ लाखांच्या आसपास येतील. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन महिना साडेतीन हजार. मुलगा पुण्यात आयटीत, वय २७. म्हणतो, "बाबा, एफडीत पैसे कुजतात. सगळे इंडेक्स फंडात टाका, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या फंडात. मार्केट पडलं तरी वर येतंच." आमची ही पोस्टाशिवाय दुसरं काही ऐकत नाही. घरखर्च महिना २० हजार. शिवाय दोन वर्षांत गावच्या घरावर स्लॅब टाकायचाय, आठेक लाख लागतील. काय करावं?

जुनाहिशोबी:
दादा, मुलगा चूक बोलत नाही, पण स्वतःच्या वयाचं बोलतोय. मी जानेवारी २००८ला रिटायर झालो. सेन्सेक्स २१ हजारांना शिवला होता, आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा आयपीओचे (नव्या शेअरविक्रीचे) फॉर्म भरत होता. मी १० लाख एकरकमी इक्विटी फंडात टाकले. फेब्रुवारी २००९ला मुलीचं लग्न, कार्यालय ठरलेलं आणि सेन्सेक्स नऊ हजारांवर. विकले तर साडेचार लाख हातात. २०१०च्या दिवाळीत मार्केट पुन्हा २१ हजारांवर, पण माझी युनिट्स वरातीतच गेलेली! धाकट्या भावाची महिना तीन हजारांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम, त्याच पडझडीत चालू होती. पगार येत होता, लग्नकार्य नव्हतं. मी विकत होतो तेव्हा तो स्वस्तात घेत होता.

तुमचा स्लॅब म्हणजे माझं ते लग्न. ते आठ लाख एफडीत. २५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. निवृत्ती घेतलेल्याला ५५ नंतरही खातं उघडता येतं. २०२३ला मर्यादा १५ची ३० लाख झाली तेव्हा मी वाढवून घेतलं, दर ८.२ टक्के होता. त्या दराने २५ लाखांवर तिमाहीला ५१,२५०, म्हणजे पेन्शन धरून घरखर्च निघतो. आजचा दर पोस्टात विचारा. उरलेले पाच लाख इंडेक्स फंडात, थोडे थोडे करून. महागाई खरी चावते सत्तरीनंतर, तोवर त्यांना हात लावू नका.

चाकणवाला:
काका, मी खरं तर तुमच्या मुलाची बाजू घ्यायला आलो होतो. मार्च २०२०ला मी २५चा. सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला, त्या सगळ्या पडझडीत माझ्या २ लाख ४० हजारांचे दीड लाख झाले. घाबरलो नाही, वय होतं हाताशी. मे महिन्यात काँट्रॅक्ट गेलं. रूमचं भाडं, बाइकचा हप्ता, बँकेत शिल्लक नाही. जूनमध्ये सगळं तोट्यात विकलं. आता सहा महिन्यांचा खर्च एफडीत ठेवतो, मग एसआयपी.

सातपूरकर:
सर्वांचे आभार. हिला हिशोब दाखवला. म्हणाली, पाच नाही, तीन. मुलाला फोन करून विचारलं, तुझा सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का? म्हणाला, "क्रेडिट कार्ड आहे ना, बाबा."